नाव न विचारता नर्सची खात्री कशी करायची? खासगीपणा जपणारी ओळख-व्यवस्था

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: महाराष्ट्रातल्या नर्सेससाठी एक छोटं सोशल नेटवर्क उभारायचं आहे. आत येणारी प्रत्येक जण खरोखर नोंदणीकृत नर्स असावी, पण ड्युटीचे तास, थकलेले पगार, वॉर्डातला त्रास याबद्दल तिला टोपणनावाने मोकळं लिहिता यावं. तिचं खरं नाव इतर सदस्यांना तर नाहीच, नेटवर्क चालवणाऱ्या तुम्हालाही कळू नये. एका सल्लागाराने सुचवलंय की प्रत्येकीला ब्लॉकचेनवर (अनेक संगणकांवर ठेवलेल्या, पुसता न येणाऱ्या नोंदींच्या साखळीवर) एक विकेंद्रित ओळखक्रमांक, म्हणजे डीआयडी, द्यायचा आणि त्याला तिच्या आधार क्रमांकाचा व परिचर्या परिषदेच्या नोंदणी क्रमांकाचा हॅश, म्हणजे त्यांवरून गणिताने काढलेला ठसा, जोडायचा. हे सुरक्षित आहे का, असं तुम्ही विचारलंय.

सुरक्षित नाही. हा आराखडा राबवलात तर आज ना उद्या एखाद्या सिस्टरची नोकरी जाईल, आणि एकदा साखळीवर गेलेली नोंद तुम्हाला पुसताही येणार नाही. ओळख-व्यवस्था बांधण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे, म्हणून कारणं जरा तपशिलात देते आणि त्याजागी काय बांधावं तेही सांगते.

आधी हॅशचं बघू. आधार क्रमांक १२ अंकी. त्याचा पहिला अंक ० किंवा १ नसतो, आणि शेवटचा अंक आधीच्या ११ अंकांवरून गणिताने ठरतो. म्हणजे शक्य असलेले सगळे क्रमांक मिळून ८ हजार कोटी होतात. आकडा मोठा वाटतो, पण एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला एसएचए-२५६ या प्रचलित प्रकारचे अब्जावधी हॅश काढतं. अख्खी यादी मिनिटभरात तपासून होते. ज्याच्या हाती हॅश लागला त्याच्या हाती क्रमांक लागला, असंच धरून चाला. नोंदणी क्रमांकांची संख्या तर याच्या पासंगालाही पुरत नाही. हॅशमध्ये एखादा गुप्त शब्द मिसळू, असं सल्लागार म्हणेल. मग तो शब्द ज्याच्याकडे, त्याच्याकडे सगळी नावं. आणि तो तुमच्याकडेच असणार असेल तर ‘आम्हालाही कळू नये’ ही तुमची मूळ अट तिथेच मोडली.

दुसरा गैरसमज जास्त खोल आहे: विकेंद्रित म्हणजे खासगी. डीआयडीचं मानक वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जुलै २०२२ मध्ये मंजूर केलं. तुमच्या ओळखीचा ताबा एखाद्या कंपनीच्या मर्जीवर राहू नये, हा त्यामागचा हेतू आहे आणि तो मोलाचा आहे. पण ताबा आणि गुप्तता या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रत्यक्षात त्या पुष्कळदा एकमेकींच्या आड येतात.

ब्लूस्कायचं उदाहरण घ्या, कारण डीआयडी वापरणारं सर्वांत मोठं सोशल नेटवर्क तेच. तिथे बहुतेक खात्यांचा ओळखक्रमांक ‘डीआयडी-पीएलसी’ प्रकारचा असतो. खातं उघडतानाची पहिली नोंद घेतात, तिचा हॅश काढतात आणि त्यातून २४ अक्षर-अंकांची एक ओळ तयार होते. ती कधीच बदलत नाही. तुमचं हँडल, म्हणजे खात्याचं दिसणारं नाव, बदललं, तुमच्या पोस्टी ज्या सर्व्हरवर आहेत तो बदलला, सही करायची डिजिटल किल्ली (एक लांबलचक गुप्त आकडा) बदलली, तरी ती ओळ तीच. प्रत्येक बदलावर तुमच्या किल्लीने सही होते आणि तो एका जाहीर वहीत चढतो. किल्ली चोरीला गेली तर वरच्या दर्जाच्या किल्लीने ७२ तासांच्या आत तो बदल उलटवता येतो. रचना म्हणून हे फार विचारपूर्वक केलेलं काम आहे.

पण ती वही कोणीही वाचू शकतं. समजा एका सिस्टरने आधी स्वतःच्या नावाने खातं उघडलं आणि सहा महिन्यांनी नाव बदलून ‘रात्रपाळी’ केलं. पडद्यावर आता फक्त ‘रात्रपाळी’ दिसेल. वहीतली पहिली नोंद उघडली की जुनं नाव तारखेसकट समोर. यात कुणाची चूक नाही. फेरफार पकडता यावा म्हणूनच वही जाहीर ठेवलेली आहे. पत्रकार, संस्था, लोकप्रतिनिधी यांना असंच हवं असतं. तुमच्या सिस्टर्सना नेमकं याच्या उलट हवं आहे.

बाकीचे पर्याय भराभर सांगते. नोस्टर या सोशल नेटवर्कमध्ये एक किल्ली म्हणजेच तुम्ही: ती हरवली तर बदलून मिळत नाही, आणि त्या किल्लीने लिहिलेलं सगळं कायमचं एकत्र बांधलं जातं. मॅस्टोडॉन हे वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या सर्व्हरचं नेटवर्क; तिथे नाव सर्व्हरच्या डोमेनला, म्हणजे इंटरनेट पत्त्याला, चिकटलेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अफगाणिस्तानच्या ‘एएफ’ डोमेनवर चालणारा ‘क्वीअर डॉट एएफ’ हा मॅस्टोडॉन सर्व्हर तालिबानच्या ताब्यातल्या मंत्रालयाने डोमेन काढून घेतल्यामुळे बंद पडला. शिवाय मॅस्टोडॉनवरचे खासगी संदेश सर्व्हर चालवणाऱ्याला वाचता येतात, हेही सदस्यांना आधीच सांगायला हवं.

तर मग ओळख म्हणून नेटवर्कला नेमकं काय लागतं? तीनच प्रश्नांची उत्तरं. ही व्यक्ती नर्स आहे का? कालची ‘रात्रपाळी’ आणि आजची ‘रात्रपाळी’ एकच आहे का? आणि हिचं आधीच दुसरं खातं तर नाही ना? या तिन्हींपैकी एकालाही नाव लागत नाही. नाव विचारण्याची सवय कागदी कारभारातून आली आहे. तिथे पात्रता तपासायची तर आधी माणूस कोण ते बघावं लागायचं. गणिताने ही दोन कामं ४० वर्षांपूर्वीच सोडवून वेगळी केली आहेत.

डेव्हिड चॉम यांनी १९८२ मध्ये आंधळ्या सहीची कल्पना मांडली. कागद पाकिटात घालायचा, वर कार्बन ठेवायचा आणि बंद पाकिटावर सही घ्यायची: सही आतल्या कागदावर उमटते, सही करणाऱ्याला मात्र आतला मजकूर दिसत नाही. गणितात हे कसं होतं ते एकदा छोट्या आकड्यांवर करून बघा, म्हणजे विश्वास बसेल. प्रत्येक पायरीला ३३ ने भागून फक्त बाकी घ्यायची. सही करणाऱ्याची जाहीर किल्ली ३, खासगी किल्ली ७.

सिस्टर मनातल्या मनात एक टोकन, म्हणजे पुढे प्रवेशपास म्हणून वापरायचा आकडा, निवडते: ५. ते झाकायला एक गुप्त आकडा निवडते: २. गुप्त आकड्याचा घन ८, त्याला ५ ने गुणलं की ४०, बाकी ७. ती सही करणाऱ्याकडे फक्त हा ७ पाठवते. तो आपल्या खासगी किल्लीने ७ चा सातवा घात काढतो; बाकी २८. तो २८ परत देतो. सिस्टर त्याला आपल्या गुप्त २ ने भागते: १४. आता तिच्याकडे टोकन ५ आणि त्यावरची सही १४. तपासायला कोणीही १४ चा घन करावा: २७४४, ३३ ने भागून बाकी ५. सही खरी. आणि सही करणाऱ्याने आयुष्यात ५ पाहिला नाही, १४ ही पाहिला नाही. त्याच्या वहीत ७ आणि २८ आहेत. उद्या कोणी ५ आणि १४ ची जोडी घेऊन आलं तर ती कुणाच्या पाकिटातून निघाली हे त्याला सांगता येणार नाही. गुप्त आकडा वेगळा धरला तर तीच जोडी दुसऱ्या कुणाच्याही झाकलेल्या आकड्यातून निघू शकते.

खऱ्या वापरात ३३ च्या जागी २०४८ किंवा त्याहून जास्त बिटांचा आकडा असतो, आणि टोकनवर ठराविक पद्धतीने संस्कार केल्याशिवाय सही घेत नाहीत. हे स्वतः लिहू नका. इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या ‘आरएफसी’ मालिकेतल्या आरएफसी ९४७४ मध्ये ऑक्टोबर २०२३ पासून याची पक्की रीत दिलेली आहे, तिच्यावर बेतलेली तपासलेली लायब्ररी घ्या. याच जातीची टोकनं ‘प्रायव्हसी पास’ नावाने २०२४ मध्ये मानक झाली. २०२२ पासून आयफोनमध्येही ती वापरात आहेत. ‘हा माणूस आहे, यंत्र नव्हे’ एवढंच ती संकेतस्थळाला सांगतात, कोण आहे ते सांगत नाहीत.

आता तुमचा आराखडा. दोन वेगळ्या संस्था लागतील, आणि त्या खरोखर वेगळ्या हव्यात: वेगळी माणसं, वेगळा सर्व्हर, वेगळी होस्टिंग कंपनी. पहिली पडताळणी करणारी. सगळ्यांत योग्य म्हणजे नर्सेसची एखादी संघटना, कारण सदस्यांचा तिच्यावर आधीपासून विश्वास असतो. सिस्टर तिथे जाते, परिचर्या परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र दाखवते. संघटना ते बघते, परत देते, आपल्या यादीत ‘हिला या वर्षीचं टोकन दिलं’ अशी खूण करते आणि तिच्या फोनवरून आलेल्या झाकलेल्या टोकनवर सही करते. प्रमाणपत्राचा फोटो काढून ठेवायचा नाही. दुसरी संस्था म्हणजे तुमचं नेटवर्क. काही दिवसांनी सिस्टर उघडलेलं टोकन घेऊन तुमच्याकडे येते. तुम्ही सही तपासता, टोकन वापरलं गेल्याची नोंद करता आणि खातं उघडून देता. संघटनेला माहीत आहे की हिने टोकन घेतलं. तुम्हाला माहीत आहे की ‘रात्रपाळी’ ही नोंदणीकृत नर्स आहे. दोघांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या तरी या दोन ओळी जुळत नाहीत. एकीला वर्षाला एकच टोकन, त्यामुळे एकीची दहा खातीही होत नाहीत.

दोन जागी मात्र हे मोडता येतं, आणि सल्लागार मंडळी ते सहसा सांगत नाहीत. संघटनेने, किंवा तिच्या सर्व्हरमध्ये घुसलेल्या कुणी, प्रत्येकीसाठी वेगळी किल्ली वापरून सही केली तर टोकनवरूनच माणूस ओळखता येईल. म्हणून जाहीर किल्ली एकच असावी, ती संघटनेच्या मुखपत्रात छापावी, आणि अ‍ॅपने दुसऱ्या कुठल्याही किल्लीची सही नाकारावी. दुसरं, संघटनेतलाच कुणी व्यवस्थापनाच्या माणसांना गुपचूप टोकनं देऊ शकतो. त्यावर उपाय म्हणजे दोन संघटनांच्या दोन सह्या असतील तरच टोकन चालेल असं ठेवायचं. जोडीला संघटनेने दर महिन्याला किती टोकनं दिली आणि तुमच्याकडे किती वापरली गेली, हे दोन्ही आकडे जाहीर करायचे. वापरलेली टोकनं दिलेल्यांपेक्षा जास्त निघाली तर काळंबेरं आहे, हे सगळ्यांनाच दिसेल.

यापुढचे धोके गणिताबाहेरचे आहेत, आणि माझ्या अनुभवात माणसं उघडी पडतात ती इथेच.

वेळ. मंगळवारी दुपारी रत्नागिरीत तिघींनी टोकनं घेतली आणि त्याच रात्री तीन खाती उघडली, तर गणित काय कामाचं? अ‍ॅपनेच टोकन काही आठवडे राखून ठेवावं आणि खाती ठराविक दिवशी एकगठ्ठा उघडावीत.

माहितीचे कप्पे. जिल्हा, विभाग, नोकरीची वर्षं हे प्रोफाइलमध्ये मागायचा मोह होतो. लटान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवलं की पोस्टाचा पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावर अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसं एकमेव ठरतात. ‘गडचिरोली, अतिदक्षता विभाग, पुरुष’ म्हटल्यावर नाव वेगळं सांगायला लागत नाही. मी एका कंपनीत ‘निनावी’ म्हणून झालेलं सर्वेक्षण पाहिलंय. एका विभागात दोनच बायका होत्या, आणि अहवालात विभाग व लिंग हे रकाने शेजारी शेजारी होते. पुढचा महिना त्या दोघींनी कसा काढला हे मला माहीत आहे. तुमच्या प्रोफाइलमध्ये ‘नोंदणीकृत नर्स’ एवढंच ठेवा. फार तर महसुली विभाग, तोही तिथल्या सदस्यांची संख्या काही शेकड्यांत गेल्यावर.

मोबाइल क्रमांक. ओटीपीने लॉगिन द्यायचं असेल तर वरचं सगळं करूच नका. भारतात सिम ओळखपत्र दाखवूनच मिळतं, म्हणजे क्रमांक घेतला की नाव घेतलं. त्याऐवजी पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमध्ये राहणारी डिजिटल किल्ली, वापरा. ती प्रत्येक संकेतस्थळासाठी वेगळी किल्ली बनवते, त्यामुळे दोन ठिकाणची खाती एकमेकांना जोडता येत नाहीत. शिवाय ‘कालची आणि आजची एकच का’ या प्रश्नाचं उत्तर तिच्यातूनच मिळतं. फोनवर येणाऱ्या पुश सूचनाही टाळा. त्या गूगल किंवा अ‍ॅपलच्या सर्व्हरवरून जातात, आणि त्यांच्या नोंदी सरकारं मागवतात ही गोष्ट अमेरिकेचे सिनेटर रॉन वायडन यांनी डिसेंबर २०२३ मध्ये उघड केली.

सर्व्हरचे लॉग. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांचे लॉग, म्हणजे कुठून कधी काय उघडलं याच्या नोंदी, १८० दिवस ठेवावे लागतात. त्या लॉगमध्ये आयपी पत्ता (इंटरनेटवर जोडणी ओळखणारा क्रमांक) असेल तर तुम्ही नाव विचारलं नाही याचा फारसा उपयोग होत नाही. इंटरनेट कंपनीकडून ते मिळतं. यावर रीतसर मार्ग आहे: मधे तिसऱ्या संस्थेचा एक टप्पा ठेवायचा. त्या टप्प्याला पत्ता दिसतो पण मजकूर दिसत नाही, तुम्हाला मजकूर दिसतो पण पत्ता दिसत नाही. आरएफसी ९४५८ मध्ये याची पद्धत आहे. लॉग ठेवा, पूर्ण ठेवा. पण त्यात येणारा पत्ता त्या मधल्या टप्प्याचा असेल.

कायद्याचं बोलायचं तर चांगला वकील गाठाच, पण दिशा सांगते. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत, नोंदणीसाठी घेतलेली माहिती खातं बंद झाल्यावरही १८० दिवस ठेवायला सांगितलं आहे. हा नियम घेतलेल्या माहितीपुरता आहे. जी घेतलीच नाही ती ठेवण्याचा प्रश्न येत नाही. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याखाली नावांची यादी सांभाळणारी संघटना जबाबदार धरली जाईल, त्यामुळे तिच्याकडेही नाव, नोंदणी क्रमांक आणि टोकन दिलं की नाही, एवढंच असावं. ओळखपत्रांचे फोटो साठवणं किती महागात पडतं याचं ताजं उदाहरण डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपचं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी सांगितलं की ग्राहकसेवेचं काम करणाऱ्या बाहेरच्या कंपनीतून सुमारे ७० हजार सदस्यांच्या ओळखपत्रांचे फोटो उघड झाले असावेत. वयाबद्दलच्या तक्रारी तपासायला ते घेतलेले होते.

कुणी गैरवागणूक केली तर काय, हा प्रश्न तुमच्या सदस्या पहिल्याच बैठकीत विचारतील. खातं बंद करा. तिचं या वर्षीचं टोकन संपलेलं आहे, संघटना दुसरं देणार नाही, म्हणजे पुढच्या फेरीपर्यंत ती बाहेर. तिचं नाव न कळताही शिक्षा लागू होते. याचीच दुसरी बाजू अशी की फोन हरवलेल्या सिस्टरलाही दुसरं टोकन मिळत नाही. त्यासाठी खातं उघडतानाच एक पुनर्प्राप्ती संकेत कागदावर लिहून घ्यायला लावा आणि तो पुन्हा टाइप करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका. ‘नंतर करू’ हे बटणच ठेवू नका.

याहून सरस तंत्र उपलब्ध आहे, तेही सांगायला हवं. नेदरलँड्समध्ये नाइमेखनच्या राडबाउड विद्यापीठातून निघालेलं ‘यिवी’ अ‍ॅप सरकारी नोंदीतून आलेला एकेक गुणधर्म सुटा दाखवू देतं: ‘१८ पूर्ण’ एवढंच, जन्मतारीख नाही. दर वेळी पुरावा नव्याने तयार होतो, त्यामुळे दोन ठिकाणी दाखवलेले पुरावे जुळवता येत नाहीत. बार्ट याकोब्स यांच्या पुढाकाराने तिथेच ‘पबहब्ज’ हे सामाजिक नेटवर्क उभं राहिलं. त्यातल्या प्रत्येक गटाला त्याच सदस्याचं वेगळं टोपणनाव दिसतं. तुमच्या कामाच्या सर्वांत जवळचं उदाहरण हेच आहे, त्याची रचना जरूर अभ्यासा. पण तिथे मूळ प्रमाणपत्रच त्या पद्धतीने दिलं जातं. तुमच्या सदस्यांकडे आहे तो कागद किंवा पीडीएफ. आधारची ऑफलाइन एक्सएमएल फाइल (डिजिटल सही केलेली आधारची माहिती) घेतली तरी सही सगळ्या मजकुरावर एकच असते: मधली एक ओळ झाकली की सही तुटते, आणि न झाकता दोन ठिकाणी दाखवली तर तीच सही दोन्ही ठिकाणं जोडून देते. २०२५ मध्ये आलेल्या नव्या आधार अ‍ॅपमध्ये हवी तेवढीच माहिती दाखवायची सोय आहे, ही चांगली सुरुवात आहे. मात्र तिथे सिद्ध होते ती नागरिकाची ओळख, नर्सची पात्रता नव्हे. उद्या परिचर्या परिषदेने गुणधर्म सुटे दाखवता येतील असं डिजिटल प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली, तर संघटनेच्या जागी ते आणा. टोकन तपासण्याची तुमची बाजू फारशी बदलणार नाही.

सुरुवात कोडपासून करू नका. आधी दोन संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना भेटा आणि वरचं ३३ चं गणित त्यांना कागदावर करून दाखवा. यादी त्यांच्याकडे राहील, खाती तुमच्याकडे राहतील, हे त्यांना पटलं पाहिजे. पहिली तुकडी काही शे नर्सेसची होईपर्यंत एकही खातं उघडू नका, कारण तीस जणींच्या गर्दीत कुणी लपत नाही. संघटना तयार होत नसतील तर नेटवर्क सध्या खऱ्या नावाने चालवा, अभ्यासक्रम, परीक्षा, बदल्यांची माहिती यासाठी वापरा, आणि तक्रारींचा विभाग बंदच ठेवा.